तळव्याखालची गादी

भोकं बुजवणं हा माझा चाळीस वर्षांचा धंदा. कुणी विचारलं की मी असंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. "म्हणजे प्लंबिंग का?" असं बरेच जण विचारतात. प्लंबिंगच म्हणा. त्यांच्या नळ्यांतून पाणी जातं, माझ्या नळ्यांतून माणसाची फुंक जायची. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बँडवाल्यांकडे जे जे फुंकून वाजतं ते सगळं घणसोली गावातल्या माझ्या गाळ्यात यायचं आणि बरं होऊन जायचं. आता बोटं थरथरतात म्हणून गाळा सोडला, पण अजूनही रस्त्यात वरात दिसली की मी नवरदेवाकडे बघत नाही. कुणाच्या बाजातून हवा गळतेय ते ऐकते.

हे काम मला वडिलांनी शिकवलं. ते मुंबईत वाद्यांच्या दुकानात कारागीर होते. त्यांना मुलगा नव्हता, आणि माझी बोटं बारीक होती, एवढंच कारण. लग्नानंतर नवऱ्याला तुर्भ्याच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही खाडीच्या अलीकडे आलो, तेव्हा वडिलांनी हत्यारांची पेटी माझ्याबरोबर दिली. सासरच्यांना वाटलं दागिन्यांची पेटी आहे. ती उघडल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॅक्सोफोन म्हणजे पितळेची वाकडी नळी. तिला वीस-बावीस भोकं, प्रत्येक भोकावर कळीने उघडझाप होणारं झाकण, आणि झाकणाच्या आत कातड्याची गोल गादी. ही गादी लाखेने चिकटवायची. झाकण बंद झालं की गादी भोकाच्या काठावर सगळीकडून सारखी टेकली पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी खालचे सूर निघत नाहीत, नाहीतर फुसफुसतात. ही फट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वायरीला छोटा बल्ब लावायचा, तो नळीत सोडायचा आणि गाळ्यात पूर्ण अंधार करायचा. जिथून उजेड डोकावेल तिथून फुंक गळते.

त्यासाठी मी भरदुपारी शटर ओढून घ्यायची. गावठाणात यावरून बरीच चर्चा झाली. बाई दुपारची आत कोंडून घेऊन काय करते? शेवटी माझी घरमालकीण जनाबाय एकदा शटर वर करून आतच शिरली. मी अंधारात एका सॅक्सोफोनवर वाकून बसले होते आणि त्याच्या पोटातून उजेड येत होता. जनाबायने हात जोडले. त्यानंतर तिने गावात काय सांगितलं ठाऊक नाही, पण दुपारचं कुणी विचारायला आलं नाही.

गिऱ्हाइकं बहुतेक आगऱ्यांच्या बँडमधली. हळदीच्या मोसमात तर उसंत नसायची. तळवलीचा एक बँडमास्तर एकदा ट्रम्पेट घेऊन आला. सूर बसत नाही, भाऊबंदांनी करणी केलीय म्हणाला. मी आत तार घातली तर सुकलेला विड्याचा चोथा निघाला. तो त्याला दाखवला. त्याने तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाला, हीच ती करणी. मी नाही म्हटलं नाही. बाजा वाजला ना, मग कारण त्याचं त्याने ठरवावं.

तर अशा कामात मला एकच घमेंड होती. माझ्या हातून गेलेल्या वाद्यातून उजेड दिसणार नाही. वडिलांची हीच शिकवण. आणि या एका गोष्टीपायी माझ्या हातून जे झालं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

उत्तमभाऊ पहिल्यांदा आले ते नव्वदच्या आसपास. मूळचे परभणीकडचे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत पंप ऑपरेटर. राहायला सानपाड्याला. बुटके, सावळे, केस मधोमध भांग पाडून चापून बसवलेले. "जय भीम, ताई," म्हणाले आणि गादीच्या कापडात गुंडाळलेला मोठा सॅक्सोफोन माझ्या टेबलावर असा ठेवला की त्याला झोप लागली असावी आणि तो जागा व्हायला नको.

वाद्य जुनं होतं, परदेशी, फार चांगलं. उत्तमभाऊ तरुणपणी मुंबईत एका हॉटेलात भांडी धुवायला होते, तिथल्या बँडमधल्या एका म्हाताऱ्या वादकाने त्यांना शिकवलं आणि मरताना हे वाद्य आणि चार रेकॉर्डी देऊन गेला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, त्याला जॅझ म्हणतात, असं उत्तमभाऊंनी सांगितलं. मी म्हटलं, ठाऊक आहे, हॉटेलात नाचतात ते. ते हसले. म्हणाले, ते नव्हे, नाच संपल्यावर जे उरतं ते.

मी बल्ब सोडला. तीन-चार गाद्या गेल्या होत्या, त्या बदलायला काढल्या. डाव्या तळव्याने दाबायची वरची एक कळ असते, दाबली की तिचं झाकण उघडतं. एरवी बंद असलेल्या त्या झाकणाच्या गादीच्या कडेनेही चंद्रकोरीएवढा उजेड येत होता. तिला हात घातला तसे उत्तमभाऊ पुढे वाकले.

"ताई, तेवढी एक राहू द्या. तिला हात लावू नका."

मी फट दाखवली. ते म्हणाले, "दिसतीय. तिथून जे वारं जातंय ना, ते बी माझंच हाय."

मला आवडलं नाही. पण गिऱ्हाइकाचा बाजा, गिऱ्हाइकाची मर्जी. त्यानंतर दर सहा महिन्यांनी ते यायचे, आणि दर वेळी टेबलावर वाद्य ठेवताना तेच सांगायचे. मी हो म्हणायची. बल्ब सोडला की ती कोर मला दिसायची, आणि जेवताना दातात काही अडकावं तशी दिवसभर सलायची.

एका रविवारी त्यांनी ऐकायला बोलावलं. सानपाड्यात तेव्हा इमारती उभ्या होत्या आणि माणसं यायची होती. रुंद रस्ते, दिव्यांचे खांब, आणि रस्त्यात मध्येच बसलेली कुत्री. एका सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट कुणीतरी घेऊन तसाच ठेवला होता, मालक आखातात. वॉचमन उत्तमभाऊंच्या तालुक्यातला, म्हणून किल्ली मिळायची. आत सामान काहीच नाही. खिडक्यांना पडदे नाहीत, भिंतींना नुसता पांढरा हात दिलेला. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं आणि खिडकीतून लांबवर खाडी आणि मिठागरांचे चौकोन दिसत होते.

तिथे त्यांची पत्नी कुसुमवहिनी चटईवर बसली होती, आणि तळवलीच्या बँडमधला ताशेवाला बाळाराम. बाळारामने तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उलटा घातला होता आणि दोन्ही हातांत नारळाच्या हिरांच्या छोट्या जुड्या घेतल्या होत्या. वरातीत कान फोडणारा हा माणूस त्या डब्यावर असा हात फिरवत होता की कुणी अंगण झाडतंय असं वाटावं.

उत्तमभाऊंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी एक छोटीशी चाल, विहारात सकाळी वंदना म्हणतात त्या लयीची, चार-पाच सुरांचीच. ती दोनदा वाजवली. मग ती चाल सोडून निघाले. कुठे निघाले ते मला सांगता येत नाही. एकाच सुराभोवती घुटमळायचे, मग एकदम वर चढायचे, मध्येच ओरडायचे, परत खाली यायचे. आपण म्हणावं की आता वाट चुकले, तर लांबून ती पहिली चाल ऐकू यायची, शेजारच्या घरात कुणी म्हणत असल्यासारखी. आणि या सगळ्याच्या तळाशी तो श्वास होता. सुराआधी हलकी हवा यायची, सूर संपला तरी हवा मागे रेंगाळायची. माणूस वाजवतोय की आपल्याशी हळू बोलतोय ते कळेनासं व्हायचं. ती हवा कुठून येत होती ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं होतं. मी मनाने फार कोरडी बाई आहे, पण त्या दिवशी जिना उतरताना मला माझ्या पायांचं वजन लागलं नाही. खाली वॉचमनने विचारलं, कसं वाटलं? मी विचारलं, परत कधी आहे?

त्या चीजेला ते 'सकाळचं' म्हणायचे. नाव म्हणून नव्हे, नुसतं ओळखायला. पुढच्या पाच-सहा वर्षांत मी ते किती रविवार ऐकलं असेल. दर वेळी वेगळं, आणि दर वेळी तेच. खिडकीत ती खाडी, मधूनच येणारा केमिकलचा वास, आणि डब्यावरून फिरणारे हीर. कधीकधी मी भिंतीला टेकून अर्धवट झोपेत जायची आणि जागी झाले की ते तिथेच असायचे, त्याच सुरावर.

बाहेर मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. ऑर्केस्ट्रावाले म्हणायचे, गाणं धड वाजवत नाही, मध्येच कुठेतरी भरकटतो. एका हळदीत त्यांनी डोळे मिटले आणि यजमानांनी बँडमास्तरला बोलावून सांगितलं, याला आधी जागा करा. एकदा माझ्या गाळ्यात वाद्य तपासायला म्हणून त्यांनी थोडं वाजवलं, तर जनाबाय दारात येऊन उभी राहिली. "बाय, यो मानूस ररतंय का गातंय, काय समजत नाय," म्हणाली, आणि ते रडणं की गाणं हे ठरवत संपेपर्यंत दारातून हलली नाही. माझ्या मते त्यांच्याबद्दल कुणी दिलेला हाच सर्वांत खरा अभिप्राय.

मग त्यांची छाती बिघडली. कंपनीत वीस वर्षं वाफा खाल्लेल्या. आधी खोकला, मग जिना चढताना मध्ये थांबणं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की फुंकणं बंद करा. त्यांनी रविवार बंद केले नाहीत, फक्त वाजवण्यापेक्षा थांबणं जास्त व्हायला लागलं.

नेमकं त्याच वेळी मुंबईहून एक ध्वनिमुद्रक आले. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांनी उत्तमभाऊंना ऐकलं होतं आणि ते चक्रावले होते. त्यांचा जर्मनीत एक मित्र अशा संगीताच्या रेकॉर्डी काढायचा. वाशीच्या एका कॅसेट स्टुडिओत एक रविवार सकाळ त्यांनी ठरवली. एकच सकाळ, कारण स्टुडिओ एरवी भजनांनी आणि कोळीगीतांनी भरलेला. उत्तमभाऊंना माहीत होतं, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, की पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत एवढाही दम नसेल. 'सकाळचं' कुठेतरी राहायचं असेल तर ते त्या दिवशीच राहणार होतं.

आठवडाभर आधी वाद्य माझ्याकडे आलं. उत्तमभाऊंना ताप होता, म्हणून कुसुमवहिनी ते रिक्षाने घेऊन आल्या. "सगळं नीट बघा म्हणालेत," एवढाच निरोप. त्या एका गादीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना ते ठाऊकही नसावं.

मला ठाऊक होतं. विसरले असं मी म्हणणार नाही. शटर ओढलं, बल्ब सोडला, आणि ती कोर दिसली. इतक्या वर्षांत थोडी मोठी झाली होती. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. माणसाला दम पुरत नाही. या फटीतून त्याची फुंक फुकट जाते. ही बुजवली तर त्याच फुंकीत तो दीडपट वाजवेल, 'सकाळचं' पुरं होईल. आणि स्टुडिओतला माइक फार बारीक ऐकतो असं म्हणतात, त्यात ती फुसफुस येईल, ऐकणारा म्हणेल बाजा कुणी दुरुस्त केला? हा शेवटचा विचारही होता. तो मी आज लपवत नाही.

दिवा पेटवला, झाकण तापवलं, जुनी गादी काढली. ती खरवडून निघाली, तिचे दोन तुकडे झाले. नवी गादी बसवली. परत अंधार केला तेव्हा सॅक्सोफोनच्या पोटातून कुठूनही उजेड येत नव्हता. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. घरी जाताना मी श्रीखंड घेऊन गेले.

स्टुडिओत बाळाराम खरा ड्रम सोडून स्वतःचा डबा घेऊन आला होता. कुसुमवहिनी काचेच्या अलीकडे माझ्याशेजारी बसल्या. उत्तमभाऊंनी पट्टा गळ्यात अडकवला, वाद्य तोंडाला लावलं आणि एक लांब सूर धरला. गोल, भरलेला, काठोकाठ. ध्वनिमुद्रकांनी अंगठा दाखवला.

उत्तमभाऊंनी वाद्य तोंडापासून काढलं. डावा तळवा उलटा करून बघितला, मग ती कळ बघितली, मग काचेपलीकडून मला बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी हत्यारांची पिशवी घेऊन आत गेले. काय केलं ते सांगितलं, आणि का केलं तेही सांगितलं. म्हटलं, दहा मिनिटं द्या, परत सैल करते. लायटरने झाकण तापवलं, गादी तिरकी केली. पण गळती करणं हे गळती बुजवण्यासारखं नसतं. ती जुनी गादी त्यांच्या वाफेने ओली होत होत, सुकत सुकत तशी झाली होती. माझी फट नुसतीच फट होती. सूर किंचाळायला लागला. आणखी थोडी सरळ केली तर तो पुन्हा गोल. बाहेर ध्वनिमुद्रक घड्याळाकडे बघत होते. शेवटी उत्तमभाऊंनी माझ्या हातातून वाद्य हळूच घेतलं.

"असू द्या ताई. तुमी माझ्या दमाची काळजी केली. कुनी केली न्हवती."

त्यांनी तीन चीजा वाजवल्या. छान वाजवल्या. दम खरंच पुरला, माझा हिशेब चुकला नव्हता. पण 'सकाळचं' त्यांनी वाजवलं नाही. वाजवायच्या चीजांच्या यादीत शेवटी तेच लिहिलेलं होतं. ध्वनिमुद्रकांनी आठवण केली, अजून वेळ आहे म्हणाले. उत्तमभाऊंनी मान हलवली. "झालं तेवढं," म्हणाले आणि पट्टा काढला. बाळाराम डबा मांडीत घेऊन तसाच बसून राहिला.

दोन-तीन महिन्यांनी ध्वनिमुद्रकांचा निरोप आला. जर्मनीतल्या मित्राने ऐकलं, त्याला आवडलं, वादक फार स्वच्छ वाजवतात म्हणाला. पण असं स्वच्छ वाजवणारे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. आमच्या धंद्यात स्वच्छ हा सर्वांत मोठा मान. तो शब्द मला त्या दिवसापासून ऐकवत नाही.

मी सानपाड्याला जायची टाळाटाळ करत होते. एका संध्याकाळी कुसुमवहिनी स्वतः बोलवायला आल्या. त्या रिकाम्या फ्लॅटचे चार जिने चढणं आता शक्यच नव्हतं, म्हणून उत्तमभाऊ त्यांच्या खोलीतच पलंगाच्या कडेवर बसले होते, वाद्य मांडीवर. फार वाळले होते. मला समोर स्टुलावर बसवलं. म्हणाले, दोन महिने रोज थोडं थोडं करून जमवलंय, बघा. आणि डावा तळवा दाखवला. तळव्याचा काठ त्या कळीवर ठेवून ती कणभर दाबायची, इतकी कणभर की झाकण उघडलेलं दिसूही नये. जे ती गादी आपोआप करायची, ते त्यांनी हाताला शिकवलं होतं.

मग त्यांनी 'सकाळचं' वाजवलं. ती चाल दोनदा, आणि मग निघाले. तो श्वास परत आला होता. पूर्वीसारखा नव्हता, त्याहून जवळचा होता. खिडकीबाहेर कुणाच्या तरी घरी दूरदर्शनच्या बातम्या चालू होत्या, त्या बंद झाल्यासारख्या वाटल्या. फळीवर टेपरेकॉर्डर होता. मला दिसला. उठून बटण दाबावं हे मला सुचलंही होतं. पण मी उठले असते, तर ते थांबले असते. मिनिटभर झालं असेल, फार तर दीड. ती पहिली चाल लांबून परत ऐकू यायला लागली, आणि तिथे दम संपला. त्यांनी वाद्य खाली घेतलं आणि माझ्याकडे बघून हसले. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्या हिवाळ्यात उत्तमभाऊ गेले.

बाळाराम आता म्हातारा झाला आहे. बँड कधीच बंद पडला. अधूनमधून तो माझ्याकडे चहाला येतो, आणि कप रिकामा झाला की टेबलावर बोटं फिरवायला लागतो. लय त्याच्या हातात जशीच्या तशी आहे. दोनदा चालीची जागा सोडतो, मग पुढे जातो, आणि एका ठिकाणी अडतो. "ताई, हितं उत्तमभाऊ काय घ्यायचे?" विचारतो. मला ते अगदी ठाऊक असतं. सगळं कानात आहे, श्वासासकट. पण मला वाजवता येत नाही. चाळीस वर्षं एकेक सूर फुंकून तपासले, दोन सूर जोडायला कधी शिकले नाही, आणि गळा तर मुळातच नाही. एकदा गुणगुणून बघितलं, तर बाळारामने खाली बघितलं. आता मी नुसती सांगते, थांब, अजून नाही, अजून नाही, हां, आता. तो बोटं फिरवायला लागतो. आम्ही दोघं ते असंच शेवटपर्यंत नेतो, आणि त्या खोलीत ते फक्त मला ऐकू येतं.